खिशातून आलेला पाहुणा

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या शेजारची एक मुलगी तेव्हा सातवीत शिकत होती. शाळेने 'घरची गाणी' असा प्रकल्प दिला होता, म्हणून सुट्टीत ती गावी गेली आणि आपल्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करून घेऊन आली. आजीचे वय ऐंशीच्या पुढे. घरातले जाते माळ्यावर जाऊन पडल्यालाही कित्येक वर्षे झालेली. तरी आजीने भिंतीला टेकून, डोळे मिटून तीस-पस्तीस ओव्या म्हटल्या. मुलीने त्या एका पेनड्राइव्हवर साठविल्या आणि वडिलांच्या फोनमध्ये जागा होईना म्हणून फोनवरील मूळ ध्वनिमुद्रण पुसून टाकले.

पुढे मजकुराची दहा पाने छापून घेण्यासाठी ती बाजारातील एका झेरॉक्सच्या दुकानात गेली. दुकानदाराने पेनड्राइव्ह संगणकाला लावला, पाने छापली, पैसे घेतले व पेनड्राइव्ह परत दिला. सारा व्यवहार पाच मिनिटांचा.

दुसऱ्या दिवशी शाळेतल्या संगणकावर तो पेनड्राइव्ह लावताच पडद्यावर धोक्याची सूचना झळकली. फोल्डर दिसत होते, त्यांची नावेही तीच होती; परंतु प्रत्येकाच्या कोपऱ्यात एक लहानसा वाकडा बाण उमटला होता, आणि उघडू जाता एकही फोल्डर उघडेना. "ह्यात विषाणू शिरला आहे, सगळे पुसून टाका," असा सल्ला कोणीतरी दिला. मुलगी धावतच आमच्या घरी आली. "काका, आजीच्या ओव्या गेल्या का हो?" एवढेच ती विचारू शकली.

त्या ओव्यांचे काय झाले हे सांगण्यापूर्वी, ते बाण कोठून आले हे पाहिले पाहिजे.

संगणक स्वतः काहीच ठरवीत नाही. कोणीतरी लिहून ठेवलेल्या आज्ञा तो एकामागून एक पाळीत जातो. अशा आज्ञांच्या समूहास आज्ञावली म्हणतात. पत्रे लिहिण्याची आज्ञावली असते, हिशेबाची असते, चित्रे दाखविण्याची असते. आता एखाद्याने अशी आज्ञावली रचली की, 'ज्या यंत्रात मी आहे तेथून माझीच एक प्रत दुसऱ्या यंत्रात पोचव,' तर संगणक हीही आज्ञा निमूटपणे पाळील. आज्ञा चांगली की वाईट, हा प्रश्न त्याला पडत नाही. अशा स्वतःच्या प्रती पसरविणाऱ्या आज्ञावलीला 'वर्म', म्हणजे कृमी, असे नाव पडले आहे. जॉन ब्रुनर ह्या इंग्रज लेखकाने १९७५ साली लिहिलेल्या एका कादंबरीत संगणकांच्या जाळ्यातून फिरणाऱ्या आज्ञावलीला पोटातील जंताची उपमा दिली होती. तेथून हा शब्द रूढ झाला. विषाणू आणि कृमी ह्यांत जाणकार भेद करतात. विषाणू दुसऱ्या एखाद्या आज्ञावलीच्या अंगाला चिकटून राहतो. कृमी सबंध असतो, त्याला कोणाच्या अंगाचा आधार लागत नाही.

परंतु कृमीला पाय नसतात. दोन संगणक तारेने अथवा इंटरनेटने जोडलेले असतील तर तो त्या वाटेने जाईल. ते जोडलेलेच नसतील तर? मग त्याला वाहन हवे, आणि ते वाहन आपण आपल्या हाताने पुरवितो.

हा प्रकार पेनड्राइव्हच्याही आधीचा आहे. पूर्वी संगणकातील मजकूर 'फ्लॉपी' नावाच्या पातळ चौकोनी तबकडीवर नेत-आणीत असत. १९८२ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात रिच स्क्रेंटा नावाचा पंधरा वर्षांचा शाळकरी मुलगा होता. मित्रांच्या फ्लॉप्यांत गमतीचे फेरफार करण्याची त्याला खोड. त्यामुळे मित्र त्याला फ्लॉपीला हातच लावू देईनात. तेव्हा त्याने हात न लावताच फेरफार करील अशी एक आज्ञावली लिहिली. ती संगणकाच्या स्मरणात दडून राही आणि पुढे जी फ्लॉपी घातली जाईल तीवर स्वतःची प्रत उतरवी. पन्नासाव्या वेळी संगणक सुरू केला की पडद्यावर एक छोटीशी कविता दिसे. 'एल्क क्लोनर' असे तिचे नाव. मुलाची खोडी म्हणून आपण हसू. पण रोगाची सगळी लक्षणे तीत होती.

त्यानंतर चार वर्षांनी, १९८६ साली, लाहोर शहरातील बासित व अमजद फारूक अल्वी ह्या दोघा भावांनी 'ब्रेन' नावाचा विषाणू तयार केला. आपण लिहिलेल्या आज्ञावलीच्या चोरून प्रती काढल्या जाऊ नयेत हा आपला हेतू होता, असे त्यांनी पुढे सांगितले. मौज अशी की, त्या विषाणूत त्यांनी आपली नावे, दुकानाचा पत्ता आणि दूरध्वनी क्रमांकसुद्धा लिहून ठेवला होता. फ्लॉपी ह्या हातातून त्या हातात जात राहिली आणि लाहोरचा तो पत्ता समुद्रापलीकडच्या संगणकांत जाऊन पोचला. २०११ साली मिक्को हिप्पोनेन हा फिनलंडचा तज्ज्ञ त्याच पत्त्यावर गेला, तेव्हा दोघे भाऊ तेथेच आपला व्यवसाय करीत असलेले त्याला भेटले.

येथे एक गोष्ट जाता जाता सांगतो. त्या जुन्या फ्लॉपीच्या कडेला एक खाच असे. तीवर कागदी चिकटपट्टी लावली की फ्लॉपीवरील मजकूर वाचता येई, पण तीवर नवे काही लिहिता येत नसे. एवढ्याशा पट्टीने कृमीचे दार बंद होई. २००० सालापासून बाजारात आलेल्या पेनड्राइव्हवर अशी सोय क्वचितच आढळते. माझ्या मते ती खाच गेली हे चांगले झाले नाही.

आता पेनड्राइव्हवरून कृमी चढतो कसा ते पाहू. पेनड्राइव्हवर नुसती एक फाइल पडून असेल तर तिच्यापासून भय नाही. पेटीत बंद पडलेल्या पत्रासारखीच ती. भय आहे ती कोणी 'चालविली' तर. मग न सांगता ती चालवील कोण? ह्याचे उत्तर सोयीच्या पोटी दडलेले आहे. १९९५ साली विंडोज ह्या कार्यप्रणालीत एक नवी सोय आली. गाण्यांची अथवा खेळाची सीडी संगणकात घातली की तीवरील आज्ञावली आपोआप सुरू व्हावी, नवख्या माणसाला खटपट पडू नये, असा तिचा उद्देश. त्यासाठी सीडीवर 'ऑटोरन' नावाची एक छोटी फाइल असे. 'मला घातल्यावर अमुक गोष्ट सुरू कर,' एवढेच तीत लिहिलेले. ही सोय पुढे पेनड्राइव्हच्या बाबतीतही लागू पडली. सीडी कारखान्यात एकदा छापली जाई व तीवर पुन्हा कोणी काही लिहीत नसे. पेनड्राइव्हवर मात्र कोणीही, केव्हाही लिहू शकतो. हा फरक ध्यानात आला तेव्हा उशीर झाला होता.

कृमीने काय केले? तो एखाद्या संगणकात दबा धरून बसे. कोणी पेनड्राइव्ह लावला, की त्यावर आपली एक प्रत उतरवी, ती न दिसेलशी लपवी आणि सोबत 'ऑटोरन'ची चिठ्ठी ठेवी. मग तो पेनड्राइव्ह दुसऱ्या यंत्राला लावून मालकाने उघडण्यासाठी त्यावर दोनदा बोट दाबले, की चिठ्ठी वाचली जाई आणि उघडण्याऐवजी कृमीच चालू होई. ते यंत्रही लागलीच पुढच्या पेनड्राइव्हची वाट पाहू लागे.

२००८ सालच्या नोव्हेंबरात पसरू लागलेला 'कॉन्फिकर' हा कृमी ह्या विद्येत फार तरबेज होता. आरंभी तो केवळ जाळ्याच्या वाटेने फिरे. त्या वाटेचे छिद्र बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्ट कंपनीने ऑक्टोबरातच प्रसिद्ध केली होती, पण असंख्य लोकांनी ती लावलीच नव्हती. डिसेंबरच्या अखेरीस त्याचा दुसरा अवतार आला, त्याने पेनड्राइव्हची वाटही धरली. पेनड्राइव्हवर तो टाकून दिलेल्या फाइलींच्या फोल्डराचे नाव घेऊन राही; कचऱ्याच्या टोपलीत कोण डोकावतो? पेनड्राइव्ह लावल्यावर संगणक 'काय करू?' असे विचारतो. त्या यादीत कॉन्फिकरने आपली ओळ घुसविली आणि तिला फोल्डरचे चित्र व 'फाइली पाहण्यासाठी फोल्डर उघडा' हेच शब्द दिले. म्हणजे सारख्याच दिसणाऱ्या दोन ओळी, एक खरी आणि एक कृमीची. आणि कृमीची ओळ वर! घाईत माणूस वरचीच दाबणार. जगभर लाखो संगणक त्याने ग्रासले. इंग्लंडमधील मँचेस्टर शहराच्या नगरपरिषदेला २००९ साली त्याचा एवढा उपद्रव झाला की, तिने आपल्या कचेऱ्यांत पेनड्राइव्ह वापरण्यास बंदीच केली.

शेवटी मायक्रोसॉफ्टने २००९ सालच्या विंडोज ७ मध्ये पेनड्राइव्हसाठी ही आपोआप चालण्याची सोय काढून टाकली, आणि २०११ सालच्या फेब्रुवारीत जुन्या कार्यप्रणालींतूनही ती बंद करणारी दुरुस्ती सर्वांकडे धाडली. त्यानंतर काही महिन्यांतच अशा कृमींची लागण पुष्कळ घटली. एक दार बंद झाले.

परंतु कृमी लिहिणाऱ्यांना यंत्राखेरीज आणखी एक दार ठाऊक होते. ते म्हणजे माणसाची सवय. यंत्र आपोआप चालवीत नाही ना, मग माणसाकडूनच चालवून घ्यावे! हे कृमी पेनड्राइव्हवरील खरे फोल्डर लपवून टाकतात आणि त्यांच्याच नावाचे, त्यांच्याच रूपाचे तोतये तेथे उभे करतात. ह्या तोतयांना 'शॉर्टकट' म्हणतात. शॉर्टकट ही मुळात एक निरुपद्रवी वस्तू. 'खरी वस्तू तिकडे आहे' असे दाखविणारी पाटीच ती. येथे मात्र पाटी वाटसरूला आधी कृमीच्या घरी नेते आणि मग मुकाट्याने खऱ्या फोल्डरात आणून सोडते. फोल्डर उघडला, फाइल मिळाली. माणसाला संशय येत नाही. खूण एकच, कोपऱ्यातला तो लहानसा वाकडा बाण. झेरॉक्सच्या दुकानात दिवसाकाठी शेकडो पेनड्राइव्ह येतात. तेथील यंत्राला एकदा बाधा झाली, म्हणजे आठवडी बाजारातून साथ पसरावी तशी ती घरोघर जाते. ह्यात दुकानदाराला दोष देणे योग्य नव्हे; त्याच्याकडेही ती कोणाच्या तरी खिशातूनच आलेली असते.

ह्या खिशाच्या वाटेचा पल्ला केवढा आहे, हे कळावे म्हणून दोन स्थळांची हकीकत सांगतो.

पहिले स्थळ पृथ्वीवर नाहीच. २००८ सालच्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या नासा ह्या संस्थेने जाहीर केले की, आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातील काही लॅपटॉपांत एक कृमी सापडला आहे. हे स्थानक जमिनीपासून सुमारे चारशे किलोमीटर उंचीवरून पृथ्वीभोवती फिरते. ते लॅपटॉप इंटरनेटला थेट जोडलेले नव्हते. मग तो तेथे चढला कसा? एखाद्या अंतराळवीराच्या सामानातील पेनड्राइव्हसारख्या साधनावरून, असाच तर्क करण्यात आला. तो कृमी संगणकावरील खेळांचे परवलीचे शब्द चोरणारा होता. तेथे त्याला चोरण्यासारखे काही नव्हते व स्थानकाच्या कारभाराला धक्काही लागला नाही. पण अग्निबाणात बसून तो अवकाशात गेला, हे खरे.

दुसरे स्थळ इराणमधील नतान्झ. तेथे जमिनीखाली हजारो अपकेंद्रक यंत्रे युरेनियम समृद्ध करण्याचे काम करीत. ही यंत्रे प्रचंड वेगाने फिरतात आणि वेगात थोडा बिघाड झाला तरी मोडतात. त्यांचे नियंत्रण करणारे संगणक बाहेरच्या जगाशी मुद्दामच जोडलेले नव्हते. अशा व्यवस्थेला 'हवेची भिंत' म्हणतात, कारण आतल्या व बाहेरच्या संगणकांत तार नसते, नुसती हवा असते.

२०१० सालच्या जूनमध्ये बेलारूस देशातील मिन्स्क शहरी एका लहान संरक्षक-सॉफ्टवेअर कंपनीकडे इराणमधून तक्रार आली की, एक संगणक उगाचच पुनःपुन्हा बंद होऊन सुरू होतो. सेर्गेई उलासेन व त्याचे सहकारी शोध घेऊ लागले आणि त्यांच्या हाती 'स्टक्सनेट' लागला. ह्या कृमीला ऑटोरनची गरज नव्हती. शॉर्टकटचे चिन्ह पडद्यावर रेखाटण्यासाठी विंडोज जेथून ते चित्र आणते, तेथेच त्याने स्वतःला नेऊन बसविले होते. म्हणून पेनड्राइव्हवरील फाइलींची यादी नुसती डोळ्यांपुढे आली, कशावरही बोट न दाबता, तरी कृमी चालू होई! हे छिद्र तोवर जगाला ठाऊक नव्हते. मायक्रोसॉफ्टने त्याची दुरुस्ती ऑगस्टमध्ये प्रसिद्ध केली.

सिमँटेक कंपनीच्या तज्ज्ञांनी ह्या कृमीची चिरफाड केली, तेव्हा त्याच्या पोटात प्रवासाची वहीच सापडली. ज्या ज्या संगणकात तो शिरला त्यांची नोंद तो करीत आला होता. त्या नोंदींवरून सुमारे १२,००० संगणकांचा माग उलटा काढता काढता ते इराणमधील अवघ्या पाच संस्थांपाशी येऊन थांबले. म्हणजे मारेकऱ्याने किल्ल्यावर हल्ला केला नाही. किल्ल्यात ज्यांची ये-जा असते त्यांच्या झोळीत तो जाऊन बसला. एका पेनड्राइव्हवरून तीन संगणकांना बाधा झाली, की तो त्या पेनड्राइव्हवरून स्वतःला पुसून टाकी, जेणेकरून फार गाजावाजा होऊ नये. तरीही तो ठरल्या वाटेवर राहिला नाहीच. २०१० सालच्या सप्टेंबरअखेर सुमारे एक लाख संगणकांत त्याचा शिरकाव झाला होता. त्यांपैकी साठ टक्क्यांच्या आसपास इराणमधील होते, आणि त्याखालोखाल इंडोनेशिया व भारत ह्यांचा क्रम लागे.

आपल्याकडील संगणकांत तो नुसताच पडून राहिला, कारण त्याला हवे होते एका विशिष्ट जातीचे नियंत्रक यंत्र. ते जेथे सापडे तेथे तो अपकेंद्रकांचा वेग चढवी, मग जवळजवळ थांबेल इतका उतरवी, मग पूर्ववत करी. आणि देखरेख करणाऱ्यांना पडद्यावर आकडे नेहमीचेच दिसावेत अशीही तजवीज त्यात होती. नतान्झ येथील सुमारे एक हजार अपकेंद्रके त्या सुमारास बदलावी लागली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. हे कृत्य अमेरिका व इस्रायल ह्यांनी मिळून केले, असे २०१२ साली न्यूयॉर्क टाइम्सने सविस्तर प्रसिद्ध केले. त्या सरकारांनी ते अधिकृतपणे कबूल केलेले नाही. तार नसलेली भिंत भक्कम होती खरी. परंतु तिच्या दरवाजातून रोज माणसे आत जात होती, आणि माणसांना खिसे असतात.

कोणी म्हणेल, असा परका पेनड्राइव्ह आपल्या यंत्राला लावण्याइतकी माणसे भोळी का असतील? अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या आवारात काही संशोधकांनी ह्याची परीक्षाच पाहिली. त्यांनी २९७ पेनड्राइव्ह वाटांवर, वर्गांत, गाड्या उभ्या करण्याच्या जागी सहज पडल्यासारखे ठेवले. २९० उचलले गेले, आणि १३५ वरील एखादी तरी फाइल कोणीतरी उघडून पाहिली. पहिला पेनड्राइव्ह उघडला जाण्यास सहा मिनिटेही लागली नाहीत. त्यांपैकी पुष्कळांचा हेतू वाईट नव्हता. हरवलेली वस्तू मालकाला परत करावी, असे त्यांनी सांगितले. २०१६ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. मला त्यात भोळेपणापेक्षा चांगुलपणाच अधिक दिसला, आणि कृमी लिहिणारा नेमका त्याच्यावरच विसंबून असतो.

आता त्या मुलीच्या पेनड्राइव्हकडे वळू. शाळेच्या संगणकातील संरक्षक आज्ञावलीने कृमीला ओळखून मारले होते. त्यामुळे तोतये मागे राहिले, पण ते ज्याच्या घरी नेत होते तो घरधनीच नाहीसा झाला. म्हणून फोल्डर उघडत नव्हते. खरे फोल्डर कोणी पुसले नव्हते, केवळ लपविले होते. सल्ला मानून सगळे पुसून टाकले असते, तर कृमीने न केलेले नुकसान आम्हीच आमच्या हाताने केले असते.

मी प्रथम माझ्या संगणकाचे संरक्षक सॉफ्टवेअर ताजे करून घेतले, पेनड्राइव्ह लावला व तो न उघडता त्याची तपासणी करविली. मग 'लपविलेल्या फाइली दाखवा' ही खूण केली. बाण असलेल्या तोतयांच्या शेजारी, त्याच नावाचे, पण फिकट रंगाचे फोल्डर एकेक करून दिसू लागले. पहाटेच्या धुक्यात घरे दिसावीत तसे. मी तोतये पुसले, फिकट फोल्डरांवरील लपविल्याची खूण काढली आणि सर्वांची एक प्रत आधी माझ्या संगणकात उतरवून घेतली. नंतर एक लहान पत्र लिहून झेरॉक्सच्या दुकानदाराला कळविले. त्याने त्याच दिवशी आपले यंत्र साफ करविले व पुढे गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह लावण्यापूर्वी तपासू लागला.

मुलगी मात्र ह्या साऱ्याकडे पाहत नव्हती. तिने पहिल्या ओवीवर बोट दाबले. आधी आजीच्या खोकल्याचा आवाज आला, मग बांगड्यांचा, आणि मग ओवी सुरू झाली.